सेमाकुलाची मंजुरी

खरं आहे हे. पटलं तर वाचा, नाही तर पुढे सरका. मला राग नाही.

मी काही शिकलेला माणूस नाही. सहावीत शाळा सुटली. सव्वीस वर्षं कंपालात आहे. न्तिंडा भागात एका तीन मजली इमारतीखाली माझं चहा-चपातीचं दुकान आहे. वर तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरवाल्यांचं ऑफिस. ही गोष्ट त्या ऑफिसातल्या लुबेगाची. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितली, माझ्याच बाकावर बसून, मान खाली घालून.

आणि थोडी माझीही आहे. ते शेवटी सांगतो. धीर झाला तर.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही नाही.

शनिवार होता. दुपारचे दोन. डोकं तापेल असं ऊन. खाली रस्त्यावर बोडावाले, म्हणजे मोटारसायकलवर भाड्याने माणसं नेणारे, गिऱ्हाइकावरून भांडत होते, आणि वर लुबेगा एकटाच होता.

एकटाच... कारण त्याला कोणी बघायला नको होतं.

खेड्यातल्या दवाखान्यांत लसींचे फ्रिज असतात. वीज गेली, फ्रिज गरम व्हायला लागला, की नर्सच्या फोनवर भोंगा वाजतो. तो भोंगा वाजवणारा प्रोग्राम या ऑफिसचा. सोमवारी दवाखान्यांना नवीन फोन मिळणार होते. ऑफिसातही नवीन कॉम्प्युटर आले होते. आणि नेमका हा प्रोग्राम त्यांच्यावर उघडेना.

लुबेगाने मला समजावलं ते असं. प्रोग्राम एकसंध नसतो. पाच-पन्नास सुटे भाग असतात, आणि कुठला भाग कितव्या नंबरचा याची एक यादी असते. नंबर जुळले तर चालतो. नाही जुळले तर ठप्प. माझ्या जुन्या सिलेंडरला नवा रेग्युलेटर बसत नाही, तसंच की.

शुक्रवारी संध्याकाळी नाब्विरे मॅडम, म्हणजे त्यांची साहेबीण, त्याच्या टेबलाशी आल्या.

"बाकी सगळ्यांचे प्रोग्राम उघडतायत, तुझाच का अडतोय रे?"

"यादी जुळत नाही मॅडम."

"मग मागे जा ना. जुन्या नोंदी उघड, कुठल्या दिवसापर्यंत जुळत होतं बघ, तिथून उचल. चल, मी बसते तुझ्याबरोबर. तासाभराचं काम."

"नको नको! तुम्ही कशाला? मी उद्या येऊन करतो."

"शनिवारी? तू? बायकोने हाकललं की काय घरातून?"

सगळे हसले. लुबेगाही हसला.

पण मॅडमना त्याने बसू दिलं नाही. कारण मागे जायचं म्हणजे 'त्या' शुक्रवारपर्यंत जायचं. आणि तो शुक्रवार उघडला की लुबेगाही उघडा पडणार होता.

त्याच्या आठ महिने आधीची गोष्ट. तेव्हा त्या प्रोग्रामचा जुना माणूस होता सेमाकुला. पन्नाशीचा. माझ्यासारखाच, शाळा कमी, पण हाताने शिकलेला. दोन बोटांनी टाइप करायचा, तेही असं, की खिळे ठोकतोय. टक... टक... ठप्प. खिशात कायम कॉफीच्या सुक्या बिया. चावत बसायचा.

लुबेगावर त्याचा जीव. एकदा जिन्यात त्याने कॉफीचं एक फळ फोडलं. आत दोन बिया असतात. एक लुबेगाने त्याच्या तळहातावरून खाल्ली, एक त्याने लुबेगाच्या. इथे हे केलं की झाले भाऊ. सख्ख्याहून पक्के. असल्या भावाला दगा दिला तर काय होतं, ते इथली माणसं बोलत नाहीत. विषय बदलतात.

त्याच दिवशी त्याने लुबेगाला स्वतःचा पासवर्ड सांगितला. "भावाला कसलं कुलूप?" म्हणाला.

तर तो शुक्रवार. लुबेगाला घरी जायची घाई. यादीवर सेमाकुलाने एक ओळ लिहून ठेवली होती... 'भोंग्याच्या भागाला चौथ्या नंबरवरून हलवू नका.' लुबेगाने ती ओळ पुसली आणि सगळेच नंबर एका झटक्यात वाढवले.

त्यांच्यात नियम आहे. एकाने बदल केला की दुसऱ्याने वाचून मंजुरी द्यायची, मगच तो पुढे जातो. आणि गडबड झाली तर आधी मान जाते ती मंजुरी देणाऱ्याची.

मंजुरी द्यायची होती सेमाकुलाने. तो जागेवर नव्हता.

लुबेगाने त्याच्या नावाने आत शिरून स्वतःच बटण दाबलं. चार वाजून दहा मिनिटांनी.

भोंगा दोन दिवस मुका झाला. एका दवाखान्यातल्या सगळ्या लसी फेकाव्या लागल्या. सोमवारी सगळे नंबर परत जुने केले आणि विचारणा झाली. लुबेगा म्हणाला, "मी त्याला वाचायला दिलं होतं. त्याने न वाचता दाबलं."

सेमाकुलाने एकदाच त्याच्याकडे बघितलं. पासवर्डचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाला, "मी तेव्हा जागेवर नव्हतो."

कोणी ऐकलं नाही. त्याला काढून टाकलं.

दोन महिन्यांनी तो गावी तापाने गेला. इथे मातीला न जाणं म्हणजे तोंडाला काळं. सगळं ऑफिस गाडी करून गेलं. लुबेगा गेला नाही. काम आहे म्हणाला.

आता त्या शनिवारकडे या.

लुबेगाला मागे जायचं नव्हतं. मंजुरी कोणत्या कॉम्प्युटरवरून दाबली, हे जुन्या नोंदीत कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं. तेव्हा कोणी बघितलं नव्हतं. मॅडमनी आता बघितलं असतं. म्हणून हा गडी अंदाजानेच नंबर बदलत बसला.

भोंग्याच्या भागापुढे चार होता. त्याने सात केला. बंद करून परत उघडलं.

चार.

पुन्हा सात केला. पुन्हा उघडलं.

चार... आणि त्याच्या वर एक ओळ.

'भोंग्याच्या भागाला चौथ्या नंबरवरून हलवू नका. सेमाकुला.'

ही ओळ त्याने स्वतः पुसली होती. आठ महिन्यांपूर्वी.

त्याने मनाची समजूत घातली. जुनं काहीतरी सर्व्हरवरून परत येत असेल. उठला, भिंतीतली केबल उपसून काढली. आता बाहेरून काही यायची सोयच नाही. सात केला. उघडलं.

चार.

आणि मग... कोपऱ्यातून आवाज आला.

टक... टक... ठप्प.

कोपऱ्यात सेमाकुलाचं टेबल. रिकामं. कॉम्प्युटर कधीच उचलून नेलेला. टेबलावर नुसती धूळ.

टक... टक... ठप्प.

लुबेगा म्हणतो, "काका, मी पळालो असतो. पण पाय म्हणाले, कुठे पळतोस?"

तेवढ्यात दार वाजलं. तो ओरडलाच!

दारात मी होतो. हातात ट्रे, ट्रेवर दोन कप.

"अरे ओरडतोस काय? चहा मागवलास ना?"

"मी? मी कुठे मागवला?"

"खाली फोन आला. वर दोन चहा. एक नेहमीचा, एक आलं जास्त आणि बिनसाखरेचा."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. बिनसाखरेचा चहा त्या ऑफिसात एकच माणूस प्यायचा. मी कप ठेवले आणि उतरलो. का उतरलो इतक्या घाईने... सांगतो नंतर.

लुबेगाने दार लावलं. मग त्याने काय करावं? अजून एक लबाडी. केबल परत लावली, नंबर सात ठेवून बदल तसाच मंजुरीला धाडला. सोबत चिठ्ठी लिहावी लागते, बदल का केला याची. त्याने लिहिलं, 'सेमाकुलाच्या जुन्या चुकीमुळे न जुळणारे भाग दुरुस्त केले.'

मंजुरीसाठी एकच नाव घातलं होतं. नाब्विरे मॅडम.

चिठ्ठी गेली. पडद्यावर नावं दिसली... दोन.

नाब्विरे. सेमाकुला.

सेमाकुलाचं खातं त्याला कामावरून काढलं त्याच दिवशी बंद झालं होतं. बंद करणारा लुबेगाच होता.

आणि त्या नावापुढे लाल अक्षरं उमटली.

नामंजूर.

लुबेगाने चिठ्ठी बदलली. 'जुन्या चुकीमुळे' एवढंच ठेवलं, नाव काढलं.

टक... टक... ठप्प.

नामंजूर.

'कोणाची चूक नाही, आपोआप झालं' असं लिहिलं.

यावेळी ठप्प असा आवाज झाला, की टेबलावरचे कप हलले.

नामंजूर.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. किती वेळ, त्यालाच ठाऊक नाही. हात काढले तर समोर, कीबोर्डवर, लांब पट्टीच्या बरोबर मधोमध काहीतरी पडलेलं.

कॉफीची बी. सुकलेली. एकच.

जोडीतली दुसरी नव्हती.

"भीती तिथे संपली, काका," लुबेगा मला म्हणाला. "पुढे नुसती लाज होती. भीतीला निदान पळता येतं."

मग त्याने नोंदी उघडल्या. मागे गेला. ठिगळामागून ठिगळ उलगडत त्या शुक्रवारपर्यंत गेला. तिथे सगळं होतं. चार वाजून दहा मिनिटं. नाव सेमाकुलाचं, कॉम्प्युटर लुबेगाचा.

त्याने एकेक नंबर ताडून बघितला. बाकी सगळे भाग सातवर जात होते. भोंग्याचा एकच भाग चारवर ठेवायचा होता, बस. म्हातारा आधीच लिहून गेला होता. एका ओळीत.

प्रोग्राम उघडला. भोंगा वाजला.

मग त्याने चिठ्ठी लिहिली. ती मला तोंडपाठ आहे. 'त्या शुक्रवारी नंबर मी बदलले. सेमाकुलाच्या नावाने मंजुरीचं बटण मीच दाबलं. त्याने काहीच केलं नव्हतं. मी खोटं बोललो. लुबेगा.'

धाडली. आणि कोपऱ्याकडे बघत बसला.

आवाज नाही. लाल नाही. हिरवंही नाही. सेमाकुलाच्या नावापुढे फक्त एक पिवळा ठिपका.

वाट पाहत आहे.

पाच मिनिटांनी मॅडमचा फोन आला.

"लुबेगा... हे तू लिहिलंयस?"

"हो मॅडम."

मग म्हणाल्या, "आम्ही त्याला जिना उतरताना बघत बसलो होतो रे. त्याने पेटी एकट्याने उचलली होती."

"हो मॅडम."

"बदल मी मंजूर करते. दवाखाने थांबणार नाहीत. सोमवारी हे सगळ्यांसमोर वाचायचं. तुझं काय करायचं ते मग बघू. आणि ते दुसरं नाव कशाला घातलंस?"

"मी नाही घातलं मॅडम."

त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी त्याने वाचलं. नोकरी राहिली, खुर्ची गेली. आता तो सगळ्यात खालच्या टेबलावर बसतो. मग सेमाकुलाच्या गावी गेला, मसाका शहराच्या पुढे. सेमाकुलाच्या म्हाताऱ्या आईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. केळीच्या पानातला मातोके, म्हणजे उकडून कुस्करलेली कच्ची केळी, पुढे ठेवला आणि म्हणाली, "जेव बाळा. माझा मुलगा शेवटपर्यंत म्हणत होता, लुबेगा येईल, तोच सांगेल खरं काय ते."



ते दुसरं नाव आजही त्या नोंदीवर आहे. मॅडमनी काढून बघितलं, मोठ्या ऑफिसच्या माणसाने काढून बघितलं. निघत नाही. सकाळी आल्या आल्या लुबेगा आधी तेच उघडतो. वर्ष होत आलं. ठिपका पिवळाच.

दर शनिवारी तो दोन चहा नेतो. बिनसाखरेचा कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवतो. संध्याकाळी मी कप आणायला जातो तेव्हा तो काठोकाठ भरलेला असतो. वर साय धरलेली.

आता माझं.

त्या शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी सेमाकुला कुठे होता, हे मला माहीत होतं. माझ्या बाकावर होता. मीच त्याला चहा दिला होता. चपाती करपली म्हणून चार शिव्याही खाल्ल्या होत्या त्याच्या.

काढून टाकलं त्या दिवशी तो पेटी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "काका, तुम्ही सांगा ना वर जाऊन. तेव्हा मी इथे होतो की नाही?"

वरच्या ऑफिसचा रोजचा चहा माझ्याकडून जायचा. मोठ्या लोकांच्या भानगडीत कशाला पडा, असं वाटलं.

मी म्हणालो, "दिवसाला शंभर माणसं येतात बाबा. माझ्या काय लक्षात राहणार?"

तो हसला. "बरोबर आहे," म्हणाला. पेटी उचलली आणि गेला.

आणि त्या शनिवारी फोनवर दोन चहा सांगणारा आवाज... लुबेगाला मी म्हटलं, कोणाचा होता कळलं नाही.

कळलं होतं.

चहा सांगून झाल्यावर तो आवाज थोडा थांबला होता. मग हळूच म्हणाला...

"लक्षात राहील ना, काका?"