चोच आभाळाकडे

पहिल्यांदा कुठे दिसला

"खाली बसा!"

तो बसला. थेट चिखलात. पांढऱ्या बुटांसकट, हातातल्या लाल झेंडीच्या बांबूसकट. आणि मग विचारलं, "का?"

"हललात. आता गेला असेल."

"कोण?"

"तापस."

त्याने मान वळवून सगळीकडे बघितलं. देपालपूर रोडला, आमच्या कॉलनीच्या मागचा हा तलाव. अर्धं पाणी, अर्धं पाणकणीस. माणसाच्या डोक्यावरून जाणारी पाती आणि टोकाला जाड तपकिरी कणसं.

"मॅडम, इथे तर मी आणि तुम्हीच आहोत."

"पक्षी आहे तो. बगळ्यांच्या नात्यातला. चाहूल लागली की चोच आभाळाकडे करून उभा राहतो. तप केल्यासारखा."

"अच्छा... म्हणजे तुम्ही त्या शलाकाजी. कॉलनीच्या ग्रुपवर रोज बगळ्यांचे फोटो टाकणाऱ्या."

"आणि तुम्ही रोज डस्टबिनचे."

तो हसला. उन्मेष. स्नेहलतागंजात त्याचं चष्म्याचं दुकान. कॉलनीच्या सगळ्या साफसफाईचा कप्तान.

"ही झेंडी कसली?"

"निशाणी. अशा लावत जायचंय पूर्ण झाडीत. रविवारी श्रमदान आहे ना! विसर्जनाच्या आधी हे सगळं साफ. तलाव एकदम चकाचक!"

त्याच्या चेहऱ्यावर तो खास इंदुरी अभिमान. या शहरात जमिनीवर पडलेला कागद दिसला तर माणसाला रात्री जेवण जात नाही. आणि तो अभिमान मलाही आहे, हीच तर अडचण.

"आत घरटं आहे," मी म्हणाले. "म्हणजे... असावं."

"असावं?"

"आवाज ऐकलाय. पाहिलं नाही."

तो उठला. पँट झटकली, झटकून काही उपयोग नव्हता.

"एकदा दाखवा, शलाकाजी. रविवारच्या आत. खरंच असला तर एक पातं कापू देणार नाही."

आकार

कोंबडीहून लहान.

हे सांगणं सोपं आहे. बाकीचं —

कोणाशी गल्लत होते

"तो बघा! तापस!"

"ढोकरी. तळ्यावरचा नेहमीचा बगळा."

"तो?"

"ती पण ढोकरी."

मंगळवार. सकाळचे सहा. तो थर्मासमधून चहा घेऊन आला होता आणि नवीन बूट घालून आला होता... काळे.

"लाल होती की पाठ! तुम्हीच म्हणालात, लाल तापस विटकरी असतो."

"पावसाळ्यात ढोकरीचीही पाठ लाल होते. बसलेली असताना फसवते. पण उडाली की पंख पांढरेशुभ्र. तापस उडाला तरी विटकरीच. आतून-बाहेरून एकच रंग."

"म्हणजे उडेपर्यंत कळत नाही, कोण कोण आहे."

"नाही कळत."

त्याने कपात चहा ओतला. पहिला माझ्यासाठी. मी दुर्बीण डोळ्याला लावली, पलीकडच्या काठावर नेली आणि बराच वेळ तिथेच ठेवली. कारण इकडच्या काठावर तो बसला होता, आणि इतक्या जवळ माणूस असला की... दुर्बीण लागत नाही.

आवाज

"कोक... कोक... कोक." बुधवारी संध्याकाळी. पाण्याखालून आल्यासारखा.

आम्ही दोघं एकदम थांबलो. त्याचा हात माझ्या बाहीला लागला, आणि काढायचा राहून गेला.

"हाच?" ओठांनी.

मी मान हलवली.

आवाज थांबला. हात मग काढला गेला.

लपण्याची पद्धत

तो लपत नाही. हे समजून घ्यायला मला वर्षं लागली. लपणारा पळतो, कशाच्या तरी मागे जातो. तापस समोरच असतो. मान ताणतो, गळ्यावरच्या उभ्या रेघा पात्यांच्या रेघांत मिसळतात. वारा आला की पात्यांबरोबर झुलतो. गवतात नाही जात, गवतच होतो.

हे मी उन्मेषला गुरुवारी सांगितलं.

"दुकानात असे लोक येतात," तो म्हणाला. "नंबर वाढलेला असतो, सांगत नाहीत. तक्त्याची अक्षरं पाठ करून येतात. समोर बसलेले असतात आणि दिसत नाहीत."

"मग तुम्ही काय करता?"

"काही नाही. बसून राहतो. घाई नाही करत."

मी पलासियाला बँकेत दिवसभर लोकांशी बोलते. इतकं कमी बोलून इतकं कोणी सांगितल्याचं आठवत नव्हतं.

शत्रू

कृष्णरावकाका. निवृत्त, तंदुरुस्त, रविवारसाठी विळ्याला धार लावून तयार.

"बाई, गवत म्हणजे कचरा आणि कचरा म्हणजे मच्छर," शुक्रवारी फिरता फिरता ते म्हणाले. "आपण नंबर वन असेच नाही झालो, भिया! आणि उन्मेष, तू दोन टाइम इथे काय करतोस? दुकान कोण बघतं?"

"पक्षी शोधतोय, काका."

"दिख रहा है," काका म्हणाले आणि माझ्याकडे बघत पुढे गेले.

आम्ही दोघंही पाण्याकडे बघत राहिलो. फार मन लावून.

नोंद

शनिवारी संध्याकाळी मी दुर्बीण पिशवीत ठेवली.

"हरले मी."

पात्यांवरून एक चतुर उडाला, पुन्हा तिथेच बसला.

"उद्या या मात्र," तो म्हणाला.

"कापताना बघायला?"

"या तर."

रविवार

काठावर तीस-चाळीस लोक. विळे, फावडी, गोण्या, पोहे-जलेबी. आणि उन्मेष सगळ्यांसमोर —

"पाणकणसाला कोणी हात लावायचा नाही. काठावरचं प्लास्टिक फक्त."

"अरे पण यांनी कुठे पक्षी दाखवला?" काका.

"मी पाहिलाय, काका."

मी त्याला बाजूला ओढलं. अक्षरशः, दंडाला धरून.

"माझ्यासाठी खोटं बोलू नका. न पाहिलेला पक्षी पाहिला म्हणणं... आमच्यात याहून वाईट काही नसतं. पक्षी गेला तरी चालेल, पण हे नाही." नव्हतं चालणार, पक्षी गेलेला.

"पाहिलाय मी."

"ढोकरी असेल."

"तुमच्या पाठीमागून उडाला तेव्हा पंखात पांढरं काही नव्हतं. सगळा विटकरी. आतून-बाहेरून."

मी त्याचा दंड सोडला.

"तुमच्या उजव्या हाताला होता. हे इथून तिथे, एवढ्यावर. तुम्ही पलीकडचा काठ बघत होतात. चोच सरळ वर, आभाळाकडे. मला वाटलं, ढग बघतोय. मग डोळ्यांकडे लक्ष गेलं. डोळ्यांचं मला कळतं ना... चोच वर, पण डोळे चोचीच्या खालून समोर. तुमच्यावर."

हे मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. तापस असाच बघतो, हे ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत असतं.

"कधी?"

"मंगळवारी."

"मंगळवारी! आणि मी तेव्हापासून... झोप नाही मला, उन्मेष!"

"लावलेल्या सगळ्या झेंड्या मी त्याच दिवशी काढल्या होत्या. मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल."

मी वळून पाहिलं. आत एकही लाल झेंडी नव्हती. इतक्या सकाळी, इतक्या संध्याकाळी, सगळी पाती मी एकेक करून तपासली होती.

"सांगितलं का नाही?"

तो बुटांकडे बघत होता. काळे होते, तरी चिखल दिसत होता.

"सांगितलं असतं तर... बुधवारी आला असतात?"

मागे काका कोणाला तरी ओरडत होते, "जलेबीचे दोने गोणीत टाका रे!"

राग यायला हवा होता. आला, अर्धा रस्ता. मग कुठेतरी बसला.

"फोटो काढलात?"

"नाही."

"मग नोंद धरता येत नाही. पुन्हा बघावं लागेल."

"किती वेळा?"

"खात्री होईपर्यंत."

"तुम्हाला चट्‌कन खात्री होते का, शलाका... जी?"

"जी राहू दे," मी म्हणाले. "नाही होत. फार वेळ लागतो."

आम्ही उकिडवे बसलो, तिथेच. वारा आला, पाती झुलली, थांबली. एक मात्र किंचित उशिराने थांबलं. मी दुर्बीण उचलली नाही.

शेजारी उन्मेषने हनुवटी वर केली होती. ढग बघत असल्यासारखी, अगदी सरळ आभाळाकडे.

डोळे नव्हते तिकडे.