पाण्यातली मोकळी जागा

चंदीगडच्या विद्यापीठातला वाहत्या पाण्याचा तो काचेचा पाट देवदत्तनं स्वतः उभा केला होता. नुसती गळती बुजवण्यात त्याचे सहा हिवाळे गेले. मग २००४ साली नागपूरहून वल्लरी संशोधनासाठी आली आणि वर्षभरात सगळीकडे तिचाच बोलबाला झाला. पाण्यात ती काचेची बारीक भुकटी सोडायची आणि लेझरच्या उजेडात लागोपाठ दोन फोटो काढायची. कण किती सरकले त्यावरून वेग काढायचा, वेगावरून दाब. पुढच्या कामासाठी जर्मनीला दोघांपैकी एकालाच जायचं होतं आणि विभागप्रमुख रघुनाथ सर शुक्रवारी नाव कळवणार होते. देवदत्तच्या पोटात दुखत होतं. तिचं हसणंसुद्धा त्याला सहन होईना.

पाटात एखादी वस्तू ठेवली, की फोटोतली तेवढी जागा माउसनं काळी करायची पद्धत होती. इथे पाणी नाही, असं संगणकाला त्यातून कळायचं. बुधवारी दुपारी वल्लरी सेक्टर सतराच्या बाजारात गेली होती. देवदत्तनं तिनं काढलेल्या, काहीच न ठेवलेल्या पाटाच्या फोटोवर मधोमध एक ठिपका काळा केला. तळहाताएवढा. आता सरांसमोर ती तोंडघशी पडणार, या विचारानं त्याला बरं वाटलं.

गुरुवारी सरांच्या नजरेतून तो ठिपका सुटला नाही.

"वल्लरी, इथे काय ठेवलं होतंस?"

"काहीच नाही सर. हे मी केलेलं नाही."

"मग पुसून टाक आणि नवे फोटो घे. इतका निष्काळजीपणा चालायचा नाही."

देवदत्त खिडकीबाहेर बघत राहिला.

नवे फोटो आले. त्यांत कण नेमके त्याच जागेला वळसा घालून जात होते. पुढे दाब जास्त, मागे कमी. पाण्यात खांब रोवला की होतं तसं. पाटात काहीच नव्हतं.

पाणी बदललं. कॅमेरा बदलला. वळसा तसाच.

"दादा, पाट तुमचा आहे," वल्लरी हळूच म्हणाली. "तुम्हीच बघा ना."

देवदत्तनं बाही सारून हात आत घातला, त्या जागेपर्यंत नेला. पाणी गार होतं, दुसरं काहीही नव्हतं. त्यानं हात बाहेर काढला.

त्यानंतरचे फोटो स्वच्छ आले. दाबाचं गणित तंतोतंत जुळलं. सरांनी तिथेच वल्लरीचं नाव पक्कं केलं.

शुक्रवारी सकाळी हॉस्टेलच्या न्हाणीघरात देवदत्तनं अंगावर पाण्याचा मग ओतला.

पाणी छातीवरून खाली आलं आणि डाव्या बाजूला दुभंगलं.

त्यानं दुसरा ओतला. तिसरा.

तळहाताएवढी जागा कोरडीच राहिली. तिच्यावर हात ठेवून तो हृदयाचा ठोका हाताला लागायची वाट बघत उभा राहिला.