मधूचा अंदाज पाडायचा कट

“तुझी थिअरी खाप्याले नेऊन ठेव!” गोपिका फणकारली.

तिचा आतेभाऊ मधुसूदन सुट्टीत खाप्याहून नंदनवनला आला होता. आल्या दिवशी त्यानं बंद पडलेला रेडिओ दुरुस्त केला आणि तेव्हापासून घरात त्याचीच आरती चालली होती. गोपिकेच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर औषध नव्हतं.

त्यात पापडांचं प्रकरण झालं. घरच्या लग्नासाठी लाटलेले पापड आतल्या खोलीत दुरडीत ठेवले होते. ते मऊ पडले, त्यांना बुरशी धरली. मोठी आई, म्हणजे काकू कौशल्या, चारचौघींत म्हणाली की कांतानं ते नीट वाळवलेच नाहीत, आता तिनं पापडांना हात लावू नये. कांताबाई म्हणजे गोपिकेची आई. ती स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसत होती.

मधूचं म्हणणं निराळं होतं. त्या खोलीत नवा कूलर बसला होता. गार हवा पळू नये म्हणून मोठेबाबा, म्हणजे काका वामनराव, सगळ्या खिडक्या लावून घेत. मग ओल खोलीतच कोंडते आणि पापडात शिरते, असं तो म्हणाला.

“थिअरीत ठीक आहे गा,” वामनराव हसले. “प्रॅक्टिकल वेगळं असते.”

गोपिकेला आधी गुदगुल्या झाल्या, मग लाज वाटली. मधू चुकला तर आईच दोषी ठरत होती.

शेजारच्या शोभाताई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी मधू आणि वामनराव दोघांनाही झापलं. मधूचा तो नुसता अंदाज आहे, त्या म्हणाल्या. पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, त्यानं माठ गार होतो, घाम वाळला की अंग निवतं, कूलरही चालतो. हे जगभर तपासून टिकलं, ती थिअरी.

“प्रॅक्टिकलमधून तावूनसुलाखून निघते, तिलेच थिअरी म्हणतात. आणि अंदाज खोटा पाडायची ज्याले जास्त घाई, त्यानंच तो तपासावा.”

गोपिका एका पायावर तयार झाली. मधूनं ताटली आणून तिच्या हाती दिली. तिनं तीत दोन कडक पापड घेतले, एक आईच्या हातचा, एक मोठ्या आईच्या. ताटली कूलर चालू असलेल्या बंद खोलीत ठेवली. संध्याकाळी दोन्ही पापड फडक्यासारखे दुमडले. मोठ्या आईचासुद्धा!

दुसऱ्या दुपारी ताटलीत नवे पापड ठेवले. वामनराव त्याच खोलीत घोरायला लागल्यावर गोपिका आणि मधू त्यांच्या खाटेखालून सरपटत खिडकीशी गेली. कडी करकरली. वामनरावांनी कूस बदलली. दोघं पडद्याआड दडली, मग तिथूनच खिडकी हळूच उघडली.

“आज कूलर मस्त चालून राहिला,” उठल्यावर वामनराव खूश होऊन म्हणाले. पापड कडकच होते.

तरी गोपिकेचं समाधान होईना. तिसऱ्या दिवशी तिनं खिडकी बंदच राहू दिली. वामनराव चिकचिक झाली म्हणून कुरकुरले आणि पापड पुन्हा मऊ पडले. मग तिनं सगळ्यांसमोर पडदा सारून खिडकी दाखवली आणि आदल्या दुपारी ती चोरून उघडल्याचं सांगून टाकलं.

वामनराव ओशाळले. त्यांनी मधूची पाठ थोपटली. गोपिकेच्या पोटात पुन्हा दुखलं.

“त्याचीच काहून?” शोभाताई म्हणाल्या. “तो तर आपल्याच बाजूनं बोलणार. या पोरीनं तो अंदाज पाडायले जीव तोडला आणि तो पडला नाही. म्हणून तो मानायचा.”

कौशल्यानं पोळपाट पुढे सरकवला. “कांता, उद्याचे पापड तूच लाट वं.” आई कितीतरी दिवसांनी हसली.

“मले तू चुकायले पाहिजे होता,” गोपिका मधूला म्हणाली.

“माहीत आहे मले,” मधू म्हणाला. “म्हणूनच तर ताटली तुझ्या हाती दिली.”