खंडेनवमीचा लॅपटॉप

लॅपटॉप उत्कर्षाच्या कॉलेजच्या दिवसांतला, वडिलांनी घेऊन दिलेला. नोकरी लागल्यावर कंपनीचा चकचकीत लॅपटॉप आला आणि हा कपाटावर चढला. उन्हाळ्यात नोकरी गेली, चकचकीत परत द्यावा लागला, आणि हा बिचारा पुन्हा खाली उतरला. आता त्याला फाईल उघडायला सांगून चहा टाकावा, गाळावा, निवांत प्यावा, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच. मागच्या मुलाखतीत तो ऐन उत्तराच्या मध्यात अडकला. "कळवतो," म्हणून पलीकडचे जे गेले ते गेलेच.

आज दुपारी दुसरी मुलाखत होती. हीही गेली तर वाघोलीचा फ्लॅट सोडून आईला घेऊन जायचं कुठे, या विचाराने तिची झोप उडाली होती. म्हणून काल ती रॅमची नवी पट्टी घेऊन आली. दुकानदाराने लॅपटॉप उलटसुलट करून पाहिला.

"बसेल. पण मॅडम, याला रॅम नको, रिटायरमेंट हवीय."

"मलाही," ती म्हणाली. दुकानदार हसला. तिला काही हसू आलं नाही.

आणि सकाळी उठून बघते तर लॅपटॉप पाटावर! मिटलेल्या झाकणावर हळदीकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. शेजारी विळी, कात्री आणि वडिलांचा जुना पाना. खंडेनवमी आहे हे ती साफ विसरली होती.

"आई, अगं मुलाखत आहे माझी!"

"उद्या घ्या म्हणावं," चंद्रभागाबाई उदबत्ती ओवाळत म्हणाल्या. "तुझे बाबा आजच्या दिवशी साधा स्क्रू पिळायचे नाहीत. ज्याच्यावर घर चालतं, त्याला एक दिवस टेकू द्यावं गं."

"बाबांना सुट्टी असायची. कंपन्यांना दसऱ्याची असते, नवमीची नाही."

"हात नको लावूस, एवढंच सांगते." मग त्या खडकीला बहिणीकडे गेल्या आणि घरात उत्कर्षा एकटीच राहिली.

तिने झाकण ओल्या फडक्याने पुसलं. बॅटरी काढली, स्क्रू काढले, मागचं आवरण उचललं. आत धूळ होती, आणि जुन्या पट्टीवर कुंकू.

यात नवल काय? आई दरवर्षी पूजा करायची. कळांच्या फटींतून गेलं असेल आत. पण सांडलेलं कुंकू विखुरतं आणि हे ठसठशीत होतं, बोटाने टेकवल्यासारखं. तिने ते ब्रशने झटकलं. नवी पट्टी पाकिटातून काढून रिकाम्या खाचेत तिरकी घातली आणि दाबली. दोन्ही बाजूंचे चाप टक्कन बसले.

लॅपटॉप सुरू झाला, पण नव्या पट्टीची त्याने दखलच घेतली नाही. पट्टी नीट बसली नसेल, असं होतं कधीकधी. तिने पुन्हा सगळं उघडलं.

नव्या पट्टीवर एक बोट हळद होती आणि एक बोट कुंकू.

तिने बोट लावून पाहिलं. ओलं होतं.

आपल्याच हाताचं लागलं असणार, असं म्हणत तिने स्वतःची बोटं उजेडात धरली. कुंकू लागलं होतं ते फक्त आता टेकवलेल्या बोटाला. बाकीची स्वच्छ होती. खरं तर आता घाबरायला हवं होतं. पण घाबरायलाही अंगात जोर लागतो आणि गेल्या काही महिन्यांत तो पार संपला होता. मुलाखतीची वेळ होत आली होती. तिने पट्टी पुसली, पुन्हा बसवली, आवरण लावलं.

या वेळी सगळी रॅम दिसली. लॅपटॉप असा पळू लागला की तो नवा असतानाही पळाला नसेल. तिला बरं वाटलं. इतकं बरं, की खांदे सैल पडले, हात जड झाले. उदबत्ती केव्हाच विझली होती, तरी वास वाढतच होता.

पडद्यावर मुलाखत घेणारे आमोद आणि शेफाली आले. दोघेही तिच्याच वयाचे, हसरे. पहिली उत्तरं सुरेख गेली. काम मिळणार, हे तिला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. शेफालीने पुढचा प्रश्न विचारला. अगदी सोपा.

उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तिला स्वतःचा चेहरा दिसला.

कपाळावर हळद होती आणि तिच्याखाली कुंकू.

पुसायला हवं, ती मनात म्हणाली. हात मांडीवरच राहिला.

उत्तर शेवटच्या वाक्यापर्यंत तयार होतं. जीभ हलेना. पापणीही लवेना. आणि भयंकर म्हणजे तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. किती दिवसांनी कुणी टेकू दिलं होतं.

"उत्कर्षा? हॅलो? आवाज येतोय ना?"

येत होता. अगदी स्पष्ट.

"अडकली वाटतं," आमोद म्हणाला. "नेट गेलं असेल तिचं. जोडेल परत."

शेफाली पडद्याजवळ वाकली.

"नेट नाही गेलं रे," ती हळूच म्हणाली. "तिच्या मागचा खिडकीचा पडदा हलतोय."