पैलवानाचा श्रावण

माझा धाकटा भाऊ यज्ञेश्वर आता ठणठणीत आहे, रोज सोमेश्वरच्या देवळापर्यंत पायी जाऊन येतो. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल.

गेल्या श्रावणात तो बायपाससाठी दाखल झाला. फ्लॅटची किल्ली देताना एवढंच म्हणाला, "ताई, पैलवानाला उपाशी ठेवू नकोस."

पैलवान म्हणजे त्याचा मासा. समुद्रातला, हातभर लांब, तोंडात माणसासारखे दात. खाऱ्या पाण्याच्या त्या टाकीत दुसरा मासा सोडला की सकाळी त्याचं शेपूटही उरत नसे. गंगेवर पूजा सांगणाऱ्या उपाध्यांच्या घरातल्या माणसाने असलं जनावर पाळावं, याचं मला नेहमी हसू येई. त्याला रोज कोळंबी लागायची. श्रावणात मी कोळंबीला हात लावणार? भिजवलेले पोहे घातले, तीन दिवस. त्यालाही थोडं पुण्य लागेल, असं मी भावजयीला, वल्लरीला, फोनवर म्हणाले. ती दवाखान्यात बसून होती, तिला हसू आलं नाही.

पोहे तसेच तळाशी पडून राहत. पैलवान काचेशी येई, एक डोळा माझ्यावर रोखी आणि दुसरा दाराकडे फिरवी.

शनिवारी ऑपरेशन होतं आणि दर शनिवारी दुरुस्तीसाठी जाते तशी वीज सकाळीच गेली होती. बॅटरीवरचा पंप दुपारपर्यंत बुडबुडे सोडत राहिला, मग तोही थांबला. बाहेर आभाळ भरलेलं, खोलीत खारट, शिळा वास. आणि आवाज आला. टक... टक... टक. पैलवान दातांनी काच ठोकत होता. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं. मग ठोके थांबले, आणि तो आडवा होऊन तळाला गेला.

मला रडू कोसळलं. भाऊ तिकडे टेबलावर, आणि त्याने सांगितलेलं एक काम माझ्याच्याने झालं नव्हतं. पदर खोचून स्टुलावर चढले. तांब्याने पाणी काढायचं आणि उंचावरून परत ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. यज्ञेश्वरनेच एकदा दाखवलं होतं. हात भरून आले तरी ओतत राहिले.

"ऊठ रे बाबा..." मी पुटपुटत होते.

पैलवान उठला. सरळ वर आला आणि माझ्या करंगळीला कडकडून चावला. पाण्यात रक्त पसरलं. कळ मस्तकात गेली, तरी मी हसत होते, कारण तो जिवंत होता. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

अर्ध्या तासाने वल्लरीचा फोन आला. टाके घातल्यावर, ऑपरेशनसाठी थांबवलेलं त्याचं हृदय परत सुरूच होईना, डॉक्टरांनी आशा सोडली होती. एक वीसला ते आपोआप सुरू झालं. मी देवाला हात जोडले, करंगळीला चिंधी गुंडाळली आणि श्रावणातल्या शनिवारी, जन्मात पहिल्यांदा, कोळंबी आणायला गेले. परत आले तेव्हा वीज आली होती.

तिसऱ्या दिवशी यज्ञेश्वरला भेटू दिलं. करंगळीचं मी कुणालाच बोलले नव्हते, हात पदराखाली होता. त्याला बोलताना पाहून माझा जीव भांड्यात पडला. वल्लरी औषधं आणायला गेली, तसं त्याने मला जवळ बोलावलं. पदराकडे बघत हळूच म्हणाला,

"फार लागलं का गं, ताई? भूक लागली होती..."