कप्तानांचे चार ग्लास

"डोळे बांधून चारही व्हिस्क्या ओळखतो! नाही ओळखल्या तर भर चौकात कोंबड्यासारखा आरवीन," कप्तान म्हणाले. जहाजावरून निवृत्त झालेला गडी, चौथ्या मजल्यावर एकटाच राहणारा.

"ओळखल्यात तर मी आरवतो," खालचा शिंपी म्हणाला. "मला मेल्या सगळ्या सारख्याच कडू."

रविवारी दुपारी सगळे शेजारी वर जमले. तासाभरात शिंपी धापा टाकत औषधांच्या दुकानातल्या ताईंकडे.

"ताई, वर चला! कप्तान म्हणतायत मी व्हिस्क्या बदलल्या. सगळ्यांसमोर चोर म्हणाले हो मला!"

शेजारी वैतागून जिन्यात उतरले होते. कप्तान टेबलाशी निवांत. ताईंनी दारातच नाकाला रुमाल लावला, तडक स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला आणि परत आल्या.

"ओतल्या कुणी?"

"मीच," शिंपी म्हणाला. "प्रत्येक ग्लासाच्या बुडाला नावाची चिठ्ठी चिकटवून."

"काका, ओळखलंत काय काय?"

"राय व्हिस्की तेवढी बरोबर. बाकी यानं घोळ घातला. धुराच्या स्कॉचला मी आयरिश म्हणेन का?"

ताईंनी चारही ग्लास हुंगले, उचलून चिठ्ठ्या वाचल्या.

"चिठ्ठ्या बरोबर आहेत. या स्कॉचचं धान्य दलदलीतल्या मातीच्या धुरावर सुकवलेलं, म्हणून तो धूर. बर्बन मक्याची, आतून जाळलेल्या नव्या पिंपात मुरलेली, म्हणून व्हॅनिला. आयरिश तीनदा गाळलेली, हलकी, फळांच्या वासाची. हे सगळं नाक सांगतं. राय मात्र मिरीसारखी घशाला चावते. त्याला नाक लागत नाही."

कप्तानांनी एक ग्लास नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"आत दूध जळून कोळसा झालंय, काका. वास जाऊन किती दिवस झाले?"

"आठ महिने. ताप आला होता, त्यात गेला."

शिंपी उसळला. "म्हणजे हरणार हे ठाऊक होतं! मग पैज कशाला? आणि चोर मी?"

"पैज नसती तर वर कोण आलं असतं?" कप्तान ग्लासाकडे बघत म्हणाले. "आणि भांडलो नसतो, तर पाच मिनिटांत उठून गेले असते सगळे."

शिंप्यानं बराच वेळ मान खाजवली. "चला," तो म्हणाला. "आरवा."

चौकात कप्तानांनी आधी ओरडून सांगितलं, "शिंप्यानं काही बदललं नाही! खोटारडा मी!" मग गळा ताणला.

"कुकूऽऽच कू!"

खिडक्या उघडल्या. बसवाल्यानं बस थांबवली. भाजीवाली हसून हसून टोपलीवर आडवी झाली. कप्तान पुन्हा आरवले. मग तिसऱ्यांदा.

शिंप्यानं बाही ओढली. "अहो, एकदाच ठरलं होतं!"

"गप रे! लोक बघतायत!" कप्तान म्हणाले, आणि छाती भरून चौथ्यांदा आरवले.