हिलालभाऊंनी दाखवलेला डोंगर

फाल्गुनातल्या अमावास्येला हिलालभाऊंचा फोन आला. "आकाशगंगेचा फोटो काढायचाय ना? शिरपूरला ये. एकही दिवा दिसत नाही अशी जागा आहे."

मी जळगावात, पिंप्राळ्याला राहतो. लग्नाचे फोटो काढतो. कॅमेरा धरायला मला हिलालभाऊंनीच शिकवलं, म्हणून काही न विचारता निघालो.

त्यांची जीप सातपुड्यात शिरली. डोंगराच्या पायथ्याशी शेतात राहणाऱ्या बेबाबाईंनी पाणी दिलं. माझ्याकडे बघत त्या भाऊंना हळूच म्हणाल्या, "याले लई उना का?"

म्हणजे, याला घेऊन आलास का? भाऊ पाठ फिरवून चढायला लागले.

तासभर चढून वर पोचलो. मोहाच्या झाडांखालचा पाला जाळल्याचा वास खालून येत होता. मी स्टँड लावला. आकाशगंगा पहाटे तीनला उगवणार होती.

"दुसरी बॅटरी गाडीत राहिली," भाऊ म्हणाले. "आणतो. तू इथून हलू नको."

बऱ्याच वेळाने खाली जीप सुरू झाली. दिवे वळले आणि शिरपूरच्या दिशेने लांब जाऊ लागले. मी फोन लावला.

"भाऊ, गाडी कुठे नेताय?"

"भूपेंद्र... मागच्या वर्षी मी तिथे एकटाच गेलो होतो. तेव्हापासून रोज रात्री उशाशी कोणीतरी बसतं..." ते रडत होते. "आज गाडीत मी एकटा आहे रे. वर्षात पहिल्यांदा."

"मला सांगितलं असतं तर..."

"तर तू आला नसतास."

फोन बंद झाला. मला आधी भीती वाटलीच नाही. नऊ वर्षांत ज्यांच्या पाया पडल्याशिवाय नवीन लेन्स वापरली नाही, त्यांनी मला निवडलं होतं, एवढंच डोक्यात घुमत होतं.

मग पाठीमागे खडी दबली. कोणीतरी सावकाश खाली बसलं. अगदी जवळ... श्वास मात्र ऐकू येत नव्हता.

उजाडेपर्यंत मी मान वळवली नाही.

या गोष्टीला आठ महिने झाले. ते रोज येतं. उशाशी बसतं, काही करत नाही. भाऊंना मी पुन्हा फोन केला नाही. ते मजेत आहेत, शिरपूरला फोटोचं दुकान चालवतात, असं कळतं.

परवा माझ्याकडे फोटोग्राफी शिकणाऱ्या शिल्पाने विचारलं, "सर, तारे काढायला अंधारी जागा कुठे आहे?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

त्या रात्री उशाशी बसलेलं पहिल्यांदा बोललं. अगदी हळू, समजावल्यासारखं.

"सांग ना तिला..."

आवाज हिलालभाऊंचा होता.